ट्रान्स मित्र-मैत्रिणीवर घरात किंवा जोडीदाराकडून अत्याचार झाला तर काय करायचं: नाशिकमध्ये पहिल्यांदाच मदतीला उभं राहणाऱ्यांसाठी

सुरुवात बहुतेक वेळा सारखीच असते. रात्री साडेदहा-अकराला फोन येतो, "ताई, माझ्या एका मैत्रिणीबद्दल विचारायचं होतं", आणि दहा मिनिटांनी कळतं की मैत्रीण वगैरे कोणी नाहीये, बोलणारी व्यक्ती स्वतःबद्दलच सांगतेय. हा लेख अशांसाठी आहे ज्यांना असा फोन पहिल्यांदा येणारे, म्हणजे कॉलेजमधला दोस्त, सातपूर-अंबडच्या कंपनीतला सहकारी, रूम पार्टनर, नवीन व्हॉलंटियर, कधी कधी सख्खी बहीण. तुम्ही वकील नाही, डॉक्टर नाही, काउन्सेलर नाही, चालतं. पण एक गोष्ट पहिल्या मिनिटापासून डोक्यात ठेवायची, की कोणाला काय आणि किती कळणार हे ती व्यक्ती ठरवणार, तुम्ही नाही. कारण ट्रान्स माणसाच्या बाबतीत मारणाऱ्याच्या हातातली सगळ्यात मोठी काठी बहुतेक वेळा हीच असते, "सगळ्यांना सांगेन". ती काठी आपण चुकूनसुद्धा हातात घ्यायची नाही.

आधी भाषा, कारण मराठीत तोंड उघडलं की लिंग येतं

"कधी आलास" म्हणायचं की "कधी आलीस" इथेच नवीन माणूस अडखळतो. सोपी युक्ती म्हणजे पहिल्या बोलण्यात सरळ अहो-जाहो करा. "कधी निघालात?", "जेवलात का?", "कुठे राहता?" यात पुरुष-बाई काही येत नाही आणि मानही राहतो. मग एकदाच विचारायचं, "तुम्हाला काय नावाने हाक मारू, आणि तो म्हणू की ती?" उत्तर आलं की तेच वापरायचं. चुकलात तर "सॉरी" म्हणून दुरुस्त करा आणि पुढे चला, पाच मिनिटं माफी मागत बसलात तर समोरच्यालाच तुमची समजूत काढावी लागते (मी हे केलेलं आहे, फार अवघड वाटतं नंतर).

शब्दांचंही तेच. कोणी स्वतःला हिजडा म्हणेल, अभिमानाने म्हणेल, पण तो शब्द त्यांचा आहे, आपण बाहेरच्यांनी वापरला की शिवी होते. कोणी किन्नर म्हणेल, कोणी तृतीयपंथी, कोणी पारलिंगी, कोणी नुसतं ट्रान्स. ट्रान्स पुरुषाला (जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेला पण पुरुष असलेला; ट्रान्स बाई म्हणजे याच्या उलट) तृतीयपंथी म्हटलेलं बरेचदा अजिबात आवडत नाही. आणि काही जण म्हणतील मी बाईपण नाही पुरुषपण नाही, तर तेही ठीक, त्यात तुम्हाला सगळं समजलंच पाहिजे असं काही नाही.

फोन आला की

पहिला प्रश्न "काय झालं" हा नाही. पहिला प्रश्न, "आत्ता बोलता येईल का, जवळ कोणी आहे का?" दुसरा, "लागलंय का, रक्त वगैरे येतंय का?" तिसरा, "या नंबरवर परत फोन केला तर चालेल का, हा फोन अजून कोण बघतं?"

तिसरा प्रश्न मी एकदा विसरले होते. दुसऱ्या दिवशी काळजीने मेसेज टाकला, "काल जे सांगितलंस त्यावर वकिलांशी बोलले", आणि तो मेसेज वाचला तिच्या जोडीदाराने. पुढे काय झालं ते लिहित नाही. तेव्हापासून आधी साधा कोडवर्ड ठरवते, उदाहरणार्थ "रविवारी मिसळ खायची का?" त्याला "हो" आलं तर मोकळं आहे, "डाएट चालूय" आलं तर कोणीतरी फोन बघतंय, आणि "तर्री जास्त" आलं तर लगेच ११२ ला फोन करायचा. हसू येईल पण नाशिककराच्या फोनवर मिसळीचा मेसेज बघून कोणालाच संशय येत नाही.

त्याच फोनवर जमलं तर एवढं तपासून घ्या. सिम कोणाच्या नावावर आहे? वडिलांच्या नावावर असेल तर ते नंबर बंद करू शकतात, आणि त्याच नंबरवर बँक, यूपीआय, आधारचा ओटीपी सगळं लटकलेलं असतं. लोकेशन शेअरिंग कोणाला चालू आहे? ईमेल अजून कुठल्या फोनमध्ये उघडा आहे? हे निघून जायच्या आधी बघायचं, निघाल्यावर नाही.

ऐकताना "पण तू का राहिलास इतके दिवस", "आईवडीलच आहेत शेवटी", "तुमच्यात तर असं चालतंच ना" यातलं काही बोलायचं नाही. ऑपरेशन झालंय का, शरीर कसं आहे, हे तर कधीच विचारायचं नाही, तुम्हाला त्याची गरजच नाहीये. "सांगितलंत ते बरं केलं, माझा विश्वास आहे, आता तुम्हाला काय हवंय?" एवढं पुरतं. आणि जीव द्यायचे विचार येतायत का हे सरळ विचारा, विचारल्याने ते विचार डोक्यात घुसत नाहीत. येत असतील तर एकटं सोडू नका, आणि टेलिमानस १४४१६ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

हिंसा ओळखायची कशी, कारण ती नेहमी थोबाडीत मारण्यासारखी दिसत नाही

घरच्यांकडून होते ती: कोंडून ठेवणं, केस जबरदस्तीने कापणं, हार्मोनच्या गोळ्या फेकून देणं, ट्रान्स पुरुषाचं मुलगी म्हणून बळजबरी लग्न लावणं आणि मग त्या लग्नातला बलात्कार, "इलाज" म्हणून भगताकडे नाहीतर डॉक्टरकडे नेणं. डॉक्टरचं सांगायचं तर असा इलाज नसतोच, नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्येच कन्व्हर्जन थेरपी हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवलाय. आणि भगताने भूत काढतो म्हणून मारलं, चटके दिले, तर महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो बाई-पुरुष बघत नाही. ही गोष्ट नाशिकमधल्या बऱ्याच कार्यकर्त्यांनाही पटकन आठवत नाही म्हणून मुद्दाम लिहिली.

जोडीदाराकडून होते ती: "तुला माझ्याशिवाय कोण घेणार", कमाई काढून घेणं, व्हिडिओ घरी पाठवायची धमकी, विग किंवा बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा घट्ट कपडा) लपवून ठेवणं.

आणि तिसरी, जिच्याबद्दल बाहेरचे लोक एकतर बोलतच नाहीत किंवा फारच चवीने बोलतात, तृतीयपंथीयांच्या जमातीतली. गुरू-चेला हे नातं कित्येकांसाठी एकमेव घर आहे, रक्ताच्या घरच्यांनी हाकलल्यावर गुरूनेच भाकरी दिलेली असते. कोजागिरीला सप्तशृंगी गडावर छबिन्याला गेलात तर ते प्रेम, तो मान डोळ्यांनी दिसतो. त्याच नात्यात कधी दंड लावला जातो, मारहाण होते, पैसे भरल्याशिवाय सोडत नाहीत. इथे "सोडून दे ना ते सगळं" असा सल्ला देणं म्हणजे घर, धंदा, मैत्रिणी, सण, म्हातारपणीचा आधार सगळं एका झटक्यात सोड म्हणणं. बरेचदा त्याच घराण्यातली एखादी मोठी, समजूतदार गुरू मध्ये पडून सोडवते, पण तिला विचारायचं की नाही हे ती व्यक्ती ठरवेल. तुम्ही परस्पर डेऱ्यावर (गुरू आणि चेले एकत्र राहतात त्या घरी) जाऊन समेट करायला बसू नका, प्लीज.

दवाखाना: पहिले ७२ तास

लैंगिक अत्याचार झाला असेल तर पोलिसांआधी दवाखान्याचा विचार करा. एचआयव्हीपासून बचावाची औषधं, म्हणजे पेप, ७२ तासांच्या आत सुरू व्हायला लागतात, जितकी लवकर तितकं चांगलं, खरं तर पहिल्या दोन-चार तासांतच, आणि मग २८ दिवस न चुकता घ्यायची. ट्रान्स पुरुष असेल आणि गर्भाशय असेल तर गर्भ राहू शकतो, टेस्टोस्टेरॉन चालू आहे म्हणून राहणार नाही हा गैरसमज आहे, तेव्हा इमर्जन्सी गोळीचं विचारा. धनुर्वाताचं इंजेक्शन, हिपॅटायटिस बी ची लस हेही विचारा, सांगितल्याशिवाय कधी कधी राहून जातं.

गळा दाबला होता का हे आवर्जून विचारायचं. बाहेरून वळ दिसत नसला तरी आवाज बसला, गिळायला त्रास झाला, चक्कर आली तर थेट कॅज्युअल्टी, सकाळपर्यंत थांबायचं नाही. ज्याने एकदा गळा दाबलाय तो पुढे जीवही घेऊ शकतो हे धरून पुढचं सगळं ठरवायचं.

पुरावा हवा असेल तर शक्यतो अंघोळ करू नका, कपडे धुऊ नका, ते कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये घाम धरतो आणि नमुने खराब होतात. नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेतात. पण अंघोळ झाली असेल तर "अरेरे" म्हणू नका, कोणीही करेल, तपासणी तरीही होते.

नाशिकमध्ये त्र्यंबक रोडचं सिव्हिल म्हणजे जिल्हा रुग्णालय हे सगळ्यांना माहीत असलेलं ठिकाण. तिथे काय, कुठल्याही दवाखान्यात काय, खरी परीक्षा केसपेपरच्या खिडकीवर सुरू होते. नाव मोठ्याने पुकारतात. म्हणून तुम्ही रांगेत उभे राहा, नाव चिठ्ठीवर लिहून द्या, आणि शक्य असेल तर "कागदावरचं नाव उर्फ वापरातलं नाव" असं लिहून घ्या, म्हणजे पुढे कोर्टात नोंद जुळते आणि नर्स हाकही बरोबर मारते. अ‍ॅडमिट करायची वेळ आली की पुरुष वॉर्ड की बायकांचा वॉर्ड हा प्रश्न येणारच, तेव्हा वाट न बघता आधीच डॉक्टरांना बाजूला घेऊन साइड रूमचं विचारा. मी एकदा एका दवाखान्यात (कुठल्या ते राहू दे) चार शिकाऊ डॉक्टर "बघायला" आलेले पाहिलेत, तेव्हा सरळ म्हणायचं की पेशंटची संमती नाहीये, तपासणारे सोडून बाकीच्यांनी बाहेर थांबावं.

हक्काच्या दोन गोष्टी पाठ करून ठेवा. केंद्राच्या आरोग्य खात्याने २०१४ मध्ये लैंगिक अत्याचाराच्या केसमधल्या तपासणीची जी नियमावली काढली तिच्यात ट्रान्स आणि इंटरसेक्स व्यक्तींबद्दल वेगळं लिहिलंय, आणि उपचार पोलीस तक्रारीवर अडवून ठेवता येत नाहीत. दुसरं, टू फिंगर टेस्ट (योनीत दोन बोटं घालून तपासणं) बंद आहे, सुप्रीम कोर्टाने ३१ ऑक्टोबर २०२२ ला परत एकदा बजावलं की ती करणाऱ्याला गैरवर्तनासाठी दोषी धरलं जाईल. तपासणीच्या कुठल्याही टप्प्यावर "नको" म्हणता येतं.

आज रात्री कुठे?

हा सगळ्यात अवघड भाग आणि इथे मी खोटी आशा देणार नाही. बायकांसाठी सखी केंद्र (अत्याचार झालेल्यांना मदत करणारं सरकारी केंद्र) आहे, महिला आश्रयगृहं आहेत, पण ट्रान्स बाईला दारात काय उत्तर मिळेल हे त्या रात्री ड्युटीवर कोण आहे यावर ठरतं. आधी तुम्ही फोन करून विचारा, तिला घेऊन जाऊन दारात उभं करू नका, तिथला नकार मारापेक्षा जास्त लागतो. ट्रान्स पुरुषाला बायकांच्या आश्रयगृहात जायचं नसेल तर त्याचंही ऐका. केंद्र सरकारची गरिमा गृहं खास ट्रान्स व्यक्तींसाठी आहेत, मोजकीच आहेत, जागा आहे का ते फोन करून मगच निघायचं.

प्रत्यक्षात पहिल्या दोन-तीन रात्री मित्राच्या खोलीवरच निघतात. चालेल, फक्त अशा मित्राकडे की ज्याचा पत्ता मारणाऱ्याला माहीत नाही. नाशिक लहान आहे हो. कॉलेज रोडला दिसलेलं माणूस संध्याकाळपर्यंत सिडकोत माहीत होतं. आणि जी ट्रेनमध्ये मंगतीला जाते तिला तर इगतपुरीपासून मनमाडपर्यंत सगळे ओळखतात, तिला रात्री नाशिकरोड स्टेशनवरून गाडीत बसवणं म्हणजे दवंडी पिटवणं. अशा वेळी बस किंवा ओळखीच्या माणसाची गाडी बरी.

पिशवीत काय: आधार, पॅन, ट्रान्सजेंडर ओळखपत्र असेल तर ते, शाळेचा दाखला, बँक पासबुक, हार्मोनची औषधं आणि प्रिस्क्रिप्शन, चार्जर, थोडी कॅश, अंगावरचं सोनं. मूळ कागद नाही मिळाले तर फोटो तरी. पिशवी आधीच दुसऱ्या घरी नेऊन ठेवता आली तर उत्तम.

पोलिसांत जायचं का

जायचं की नाही हे पुन्हा त्या व्यक्तीनेच ठरवायचं. एक अपवाद, वय १८ च्या खाली असेल आणि लैंगिक अत्याचार झाला असेल तर पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) लागतो, तो मुलगा-मुलगी-ट्रान्स असा भेद करत नाही, आणि तिथे माहिती असूनही गप्प बसणं हाच गुन्हा आहे. हे त्या मुलाला सुरुवातीलाच सांगा, सगळं ऐकून झाल्यावर नाही, नाहीतर त्याला फसवल्यासारखं वाटतं. मुलांसाठीच्या १०९८ हेल्पलाइनला फोन करा.

मोठ्यांच्या बाबतीत कायदा कसा फाटलेला आहे ते समजून घ्या म्हणजे ठाण्यात गोंधळ होणार नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात बलात्काराचं कलम ६३ हे पुरुषाने स्त्रीवर केलेल्या कृत्यापुरतंच आहे, आणि जुन्या आयपीसीतलं ३७७, जे संमती नसताना झालेल्या अत्याचारात वापरता यायचं, त्याच्या जागी नवीन काहीच ठेवलेलं नाही. म्हणजे ट्रान्स बाईवर बलात्कार झाला तर तिच्या कागदावर काय आहे यावर वाद होतो, आणि ट्रान्स पुरुषाला ते कलम हवं असेल तर बहुधा स्वतःला स्त्री म्हणून लिहून द्यावं लागतं. काही जण म्हणतात चालेल, शिक्षा होऊ दे, काही जण म्हणतात मेलो तरी लिहून देणार नाही. दोन्ही बरोबर आहे.

२०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याचं कलम १८ शारीरिक, लैंगिक, मानसिक, आर्थिक छळ आणि घरातून किंवा गावातून हाकलणं हे सगळं धरतं, पण कायदा आला तेव्हा त्याला शिक्षा ठेवली सहा महिने ते दोन वर्षं, बायकांवरच्या बलात्काराला कमीत कमी दहा वर्षं आणि इथे जास्तीत जास्त दोन, आता बोला. शिक्षा कमी म्हणून ठाण्यात "ही एनसी होते" म्हणजे अदखलपात्र असं ऐकायला मिळतं. त्यावर उपाय असा की घडलेलं सगळं नीट सांगायचं, नुसतं "त्रास देतो" नाही. कोंडून ठेवलं होतं का (न्याय संहितेचं कलम १२७), वाट अडवली का (१२६), हाड मोडलं का (११७), हत्याराने किंवा गरम वस्तूने मारलं का (११८)? यातलं एक जरी असलं तरी ते दखलपात्र आहे, आणि एक दखलपात्र असलं की पूर्ण केसच दखलपात्र धरतात. व्हिडिओ संमतीशिवाय काढला किंवा कोणाला पाठवला असेल तर आयटी कायदा लागू शकतो, तो लिंग बघत नाही, सायबर गुन्ह्यांच्या १९३० वरही तक्रार करता येते. कायद्यात दुरुस्त्या होत राहतात, म्हणून अर्ज लिहायच्या दिवशी वकिलाकडून कलमं एकदा तपासून घ्याच.

घटना मालेगावला झाली आणि तुम्ही पंचवटीत आहात तरी झिरो एफआयआर होतो. एफआयआरची कॉपी फुकट मिळते. नोंदच केली नाही तर शहरात पोलीस आयुक्त आणि ग्रामीणमध्ये एसपींना लेखी अर्ज, पोच घेऊन. २०२० च्या नियमांत प्रत्येक जिल्ह्यात कलेक्टरच्या हाताखाली ट्रान्सजेंडर संरक्षण कक्ष असावा असं लिहिलंय, म्हणून एक कॉपी कलेक्टर ऑफिसलाही आवक-जावकला देऊन ठेवा.

आणि सही करायच्या आधी जबाब वाचा, दोनदा वाचा. मराठीत जबाब "मी" ने लिहितात, आणि लिहिणारा शांतपणे ट्रान्स बाईच्या तोंडी "मी घरी गेलो, मी झोपलो होतो" घालतो. पुढे कोर्टात समोरचा वकील तेच उचलतो, बघा साहेब, स्वतःच पुरुष म्हणून बोलतायत. "गेले", "झोपले होते" असं दुरुस्त करून घ्यायचं, तिथेच.

घरच्यांनी "हरवली आहे" अशी तक्रार केली तर

हे होणारच असं धरून चाला, विशेषतः ट्रान्स पुरुषांच्या बाबतीत. कधी कधी चोरीचा आळही घालतात, सोनं घेऊन पळाली म्हणून. व्यक्ती १८ च्या वर असेल तर निघायच्या दिवशीच एक पत्र लिहून ठेवायचं, मी सज्ञान आहे, माझ्या मर्जीने घर सोडलंय, सोबत कोणतेही दागिने नेलेले नाहीत (किंवा फक्त माझे स्वतःचे अमुक नेलेत), मला घरच्यांपासून धोका आहे, सध्याचा पत्ता घरच्यांना देऊ नये. ते दोन्ही ठाण्यांना, म्हणजे घराच्या हद्दीतल्या आणि आत्ता राहतोय तिथल्या, ईमेल किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवायचं. पोलिसांनी बोलावलं तर वकील घेऊनच जा. मार्च २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा केससाठी सूचना दिल्यात, कोर्टाने काउन्सेलिंगच्या नावाखाली माणसाची ओळख बदलायचा प्रयत्न करायचा नाही, आणि आपण निवडलेलं कुटुंब हेही कुटुंबच.

वकील, कोर्ट, कागद

जुन्या सीबीएसजवळ जिल्हा न्यायालय आहे, तिथेच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बसतं, उत्पन्न कमी असेल तर वकील फुकट, नाहीतर १५१०० वर फोन. घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा बाईसाठी आहे, पण मार्च २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टाने लिंगबदल शस्त्रक्रिया झालेल्या ट्रान्स बाईला त्याखाली दाद मागता येते असा निकाल दिलाय, तो तुमच्या वकिलाला दाखवा, सगळ्यांनी वाचलेला असतोच असं नाही. संरक्षण आदेश, घरात राहायचा हक्क, पोटगी हे त्यातून मिळू शकतं. आणि २०१९ च्या कायद्याचं कलम १२ ट्रान्स व्यक्तीला आईवडिलांच्या घरात राहायचा हक्क देतं, अर्थात जिथे मार खाल्ला तिथे परत राहायचं का हा वेगळा प्रश्न.

या सगळ्या काळात एक वही ठेवा, तारीख, वेळ, काय झालं, कोणी पाहिलं. वही तुमच्याकडे, मजकूर त्यांच्या शब्दांत. इन्स्टावर "जस्टिस फॉर" पोस्ट टाकायची हौस कितीही आली तरी टाकू नका, बलात्काराच्या केसमध्ये पीडित व्यक्तीची ओळख उघड करणं न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि केस नसेल तर तुम्ही नुसतीच एका माणसाची ओळख गावभर केलीत.

तुमचं स्वतःचं पण बघा. एकट्याने करू नका, दोघंजण असा, एक जण दवाखाना-कोर्ट बघेल, एक जण जेवणखाण-खोली. तिसऱ्या आठवड्यात ती व्यक्ती परत त्याच घरी, त्याच माणसाकडे गेली तर राग येईल, मलाही आलेला. फोन उचलायचं बंद करू नका, पुन्हा निघताना तोच नंबर लावला जातो.

कोर्टाच्या तारखेला डबा, पाण्याची बाटली आणि पॉवर बँक घेऊन जा, नंबर कधी लागेल सांगता येत नाही. आणि कोणत्या मजल्यावर कोणतं स्वच्छतागृह वापरायचं ते आदल्या दिवशीच जाऊन बघून ठेवा, मी बघून ठेवलं नव्हतं तेव्हा एकीने सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता.